सव्वाअकराचं गाणं आणि माझं भाषण

चहा गरम आहे तोवर घ्या. मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर माझ्या घरचा दुसरा कप तुम्ही घ्याल की नाही, मला शंकाच आहे. इतकी वर्षं झाली, पण अजूनही आळीत कुठे भोंगा वाजायला लागला की मी उठून आत जातो आणि हातपाय धुण्याचं निमित्त करतो.

आधी माझी नोकरी सांगतो, म्हणजे गुन्ह्याचं मूळ कळेल. मी कल्याणच्या जकात नाक्यावर कारकून. शिक्षण सातवी पास. काम काय, तर येणाऱ्याजाणाऱ्याचं गाठोडं सोडवून आत काय आहे ते बघायचं. लोकांच्या पिशव्यांत डोकावण्याचा मला पगार मिळायचा हो. आता दिवसभर हेच करणारा माणूस घरी आल्यावर शेजाऱ्याच्या पिशवीकडे पाठ करून बसेल? आमची ही म्हणायची, "तुम्ही घरी येताना नाका बरोबर घेऊन येता."

राहायला आम्ही डोंबिवलीला. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, चार आळ्या आणि पलीकडे भाताची खाचरं. गावात वीज आलेली, पण आमच्या आळीत नाही. विजेचा खांब कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलेला, जसा काही पुढचा पत्ता विचारायला थांबलाय.

भिंतीला भिंत लागून वसंतरावांचं बिऱ्हाड. वसंतराव विम्याचे एजंट. भिवंडी, मुरबाड, शहापूर असं फिरायला लागायचं, म्हणून त्यांनी ठाण्याच्या एका डॉक्टरची जुनी मोटार घेतलेली. आळीतली पहिली मोटार. एक दरवाजा सुतळीने बांधलेला आणि पुढून हँडल मारल्याशिवाय चालू व्हायची नाही, पण मोटार ती मोटार. होतं नव्हतं ते सगळं तिच्यात गेलेलं.

त्यांच्या आईला सगळी आळी आजी म्हणायची. आजी विहिरीवर पाय घसरून पडलेल्या, कमरेचं हाड मोडलेलं. खाट ओटीवर, आजी खाटेवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नात कुमुद अठरा-एकोणीसची, गाणं शिकायची. पहिली सरगम तिला आजींनीच शिकवली. आजी नवी नवरी असताना सासऱ्यांनी त्यांची पेटी माळ्यावर टाकून दिली होती. चाळीस वर्षांनी ती पेटी नातीसाठी खाली आली, तेव्हा आजी तिच्यावरून नुसता हात फिरवत बसलेल्या. हे मी स्वतः पाहिलेलं. खिडकीतून, अर्थात.

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. माझ्यासारखं तुम्ही अंधारात राहू नका.

कुमुदची मुंबईच्या रेडिओवर गाण्यासाठी निवड झाली होती. रविवारी सकाळी सव्वाअकराला, दोन गाणी. ती तिथे गाणार आणि त्याच क्षणी इथे ऐकू येणार. निसटलं की निसटलं. आजींनी तर रेडिओ जन्मात ऐकला नव्हता. रेडिओ ज्यांच्याकडे होता त्यांच्या घरापर्यंत आजींना नेता येत नव्हतं, आणि आमच्या आळीत रेडिओ आणायचा तर वीज नव्हती. मग वसंतरावांच्या डोक्यात आलं की वीज नाही, पण मोटारीत बॅटरी आहे. मोटारीत रेडिओ बसवायचा, मोटार ओटीला लावायची आणि आईला न सांगता नातीचं गाणं ऐकवायचं.

साहेब लोकांच्या गाड्यांत असतो तसला नवा रेडिओ घ्यायचा तर मोटारच विकावी लागली असती. म्हणून वसंतरावांनी तुकड्यातुकड्यांनी जुळवायचं ठरवलं. कल्याण कॅम्पात लष्कराचा मोडीतला माल निघायचा. तिथला एक मेकॅनिक, फर्नांडिस म्हणून, त्याने कुठल्या तरी ट्रकातून काढलेला रेडिओ त्यांना स्वस्तात देऊ केला. रेडिओला आवाज फुटायला बरा कर्णा हवा, तो परवडेना. तर फर्नांडिस म्हणाला, लष्कराचा भोंगा आहे, पत्र्याला पोचे आलेत, पण आवाज असा की मेलेला उठेल. एरियलसाठी पितळी काठी हवी होती. ती वसंतरावांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दाराच्या पडद्याची काढून दिली. शिवाय तेव्हा रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागायचा, तोही काढायचा होता.

आणि ही सगळी गोष्ट एका माणसापासून जपायची होती. कारण माझ्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत आजींच्या कानावर जाणार, ह्याबद्दल त्या घरात कुणालाच शंका नव्हती.

मला काय दिसत होतं ते बघा आता. वसंतराव रोज मोटारीत शिरून टेपने मापं घेतायत. सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी, ती सारखी काढतायत, पेन्सिलीने काही तरी खोडतायत, परत ठेवतायत. आणि एक दिवस दाराचा पडदा गायब.

"वसंतराव, पडदा कुठे गेला हो?"

"धुवायला काढलाय."

"काठीसकट?"

"तीही मळलेली, तात्या," असं म्हणून ते आत गेले. सरळ माणूस. खोटं बोलताना कान लाल व्हायचे.

मग आला तो शनिवार. मी नाक्यावर बसलेलो. कॅम्पाकडून सुतळीच्या दरवाजाची मोटार येताना दिसली. मी हात केला. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेलं हे एवढं काही तरी.

"तात्या, तुम्ही? आज तर तुमची सुट्टी असते ना," वसंतराव म्हणाले.

"सुट्टी उद्यावर ढकलली. काय आहे गोणपाटात?"

"काही नाही हो. एका मित्राच्या लग्नाचं सामान."

"बघू."

शेजारी असला तरी नियम तो नियम. मी गोणपाट बाजूला केलं, तर आत भोंगा. सभेत झाडाला बांधतात ना, तसला.

पावतीसाठी कागद काढायला वसंतरावांनी खिशात हात घातला आणि ती चिठ्ठी टेबलावर आली. त्यांनी झटकन हात ठेवला, पण दहा वर्षं नाक्यावर काढलेली. उलटी अक्षरं वाचण्यात माझा हात कोण धरणार? मी वाचलं: भोंगा. तार. काठी. परवाना. रविवार सव्वाअकरा, गाडी ओटीपाशी. आणि खाली, दोन रेघा मारून: तात्याला कळू देऊ नये.

डोक्यात सगळं लख्ख झालं. गावात निवडणूक आलेली. दोन्ही बाजूंच्या सभा चाललेल्या, भोंगे बोंबलत फिरत होते. मोटार, भोंगा, परवाना, रविवारची वेळ. ह्यातून कुणाही शहाण्या माणसाला काय कळेल? वसंतराव निवडणुकीला उभे राहतायत आणि उद्या सव्वाअकराला ओटीपाशी त्यांची पहिली सभा.

तुम्ही म्हणाल, तात्याला कळू देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. होतं ना. पण माझा भाबडेपणा बघा. मला वाटलं, मी पडलो नगरपालिकेचा नोकर, निवडणुकीत माझं नाव आलं तर माझी नोकरी गोत्यात यायची, म्हणून बिचाऱ्याने मला बाहेर ठेवलंय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. आणि असा माणूस निवडून आला तर कोपऱ्यावरचा तो खांब आळीत आल्याशिवाय राहत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तात्याला कळू देऊ नये, असं लिहिलंय ना?"

"हो."

"मग कळू देऊ नका."

"अगं, पण कळून झालं."

"मग विसरा."

तिचं ऐकलं असतं तर आज हा किस्सा नसता, आणि मी भोंगा वाजल्यावर ओटीवर बसू शकलो असतो.

माझी काळजी वेगळीच होती. उमेदवार लाजाळू. सभा ठेवली आणि कुणाला बोलावलंच नाही. समोर बसणार कोण, खाटेवरची आजी? मी संध्याकाळी बाहेर पडलो. शिंपी, वाणी, पिठाची गिरणी, सगळीकडे एकच वाक्य, "वसंतराव उभे राहिलेत, सकाळी सव्वाअकराला या, आत्ता बोलू नका." आळीला नुसता आनंद. मग खाडीकडे गेलो. तिथला पांडू माझ्याबरोबर नाक्यावर शिपाई. त्याच्या गावात ताशे होते, लग्नाकार्याला वाजवायचे.

"पांडू, उद्या ताशा हवा."

"कुनाचा लगीन हाय, तात्या?"

"लग्न नाही रे. आमचे वसंतराव निवडणुकीला उभे आहेत."

"मंग वाजवाव जोरान," पांडू म्हणाला. "पैसं नको, आमच्या पाड्याच्या वाटंला खडी टाकाला सांग त्यांना."

मी वसंतरावांच्या वतीने खडी देऊन टाकली. त्या एका संध्याकाळी मी त्यांच्या नावावर एक खांब, एक नळ, खडी आणि शाळेचं छप्पर एवढं वाटलं.

रविवारी सकाळी कुमुद मामाबरोबर मुंबईला गेलेली मी पाहिली. हातात तंबोरा. म्हटलं, बाप सभा घेतोय आणि ही शिकवणीला निघाली. आजकालची मुलं.

सव्वाअकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही देवळापासून निघालो. पुढे मी, हातात झेंडूचा हार, खिशात भाषण. मागे पांडूचे सहा ताशे, त्यांच्यामागे आळी. कोपऱ्यावर वळलो तर चित्र अगदी माझ्या मनातलं. मोटार ओटीला लागलेली, टपावर भोंगा बांधलेला, तोंड ओटीकडे. ओटीवर आजींना लोडाला टेकवून बसवलेलं. बाजूला वसंतराव आणि वहिनी. मोटारीत फर्नांडिस डोकं खाली घालून काही तरी फिरवतोय. आणि भोंगा बोलायला लागला होता. एक बाई कुणाचं तरी नाव सांगत होती.

मी पांडूला खूण केली. ताशे कडाडले.

वसंतराव दोन्ही हात वर करून धावत आले. मला वाटलं, स्वागताला. तोंड हलत होतं, पण ताशात कुणाला काय ऐकू येणार? मी हार गळ्यात घातला. तसे ते हात जोडून उभे राहिले. आता उमेदवार आणखी काय करतो, सांगा. मी म्हटलं, वा, शिकला. वहिनी ओटीवर पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक बघून भरून आलं.

असं चार-पाच मिनिटं चाललं. पहिलं गाणं त्यात गेलं.

मग भाषणासाठी मी हात वर केला. ताशे थांबले. एकदम शांतता. आणि त्या शांततेत भोंग्यातून एका मुलीचा आवाज यायला लागला. दुसरं गाणं. नुकतंच सुरू झालेलं.

वसंतरावांचा चेहरा उजळला. ते माझा दंड धरून म्हणाले, "तात्या, तुमच्या पाया पडतो, आता..."

"पाया कसले पडता, तुमच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी," मी म्हटलं आणि मोटारीच्या पायरीवर चढलो. माझ्या मनात एकच. सभेआधी तबकडी लावतात, तसलं गाणं आहे, आणि तो फर्नांडिस ते बंद करायचं विसरलाय. भाषणाच्या वेळी मागे गाणं? मी खिडकीतून हात आत घातला. फर्नांडिस "नो, नो" म्हणेपर्यंत मी बटण फिरवलं.

खट्.

"बंधुभगिनींनो," मी सुरू केलं, "आपल्या आळीच्या कोपऱ्यावर खांब आला, पण उजेड आला नाही. तो उजेड आज ह्या ओटीवर उभा आहे..."

उजेड ओटीवर नव्हता. उजेड धावत मोटारीला वळसा घालून आला होता आणि सुतळीचा दरवाजा ओढत होता. सुतळी सुटेना. फर्नांडिसने आतून बटण परत फिरवलं, पण त्या जुन्या रेडिओचं असं की आतले दिवे तापल्याशिवाय आवाज फुटायचा नाही. एरवी अर्धं मिनिट लागायचं, त्या दिवशी चांगली तीन-चार मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी आळीला नळ आणि शाळेला छप्पर दिलं.

मग भोंगा खरखरला, आणि ती मघाची बाई म्हणाली, "आत्ताच आपण कुमारी कुमुद यांनी गायलेली दोन गीतं ऐकलीत."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. वसंतरावांनी गळ्यातला हार काढला आणि मोटारीच्या टपावर ठेवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पांडूने हळूच विचारलं, "वाजवाव का परत?"

"घरी जा रे बाबा," मी म्हटलं.

मी घरात जाऊन बसलो. हिने सगळं पाहिलेलं. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि काहीच बोलली नाही. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, ही काहीच बोलली नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

दुपारी कुमुद परत आली. मधली भिंत पातळ. जन्मभर त्या भिंतीला मी आपणहून कान लावला. त्या दिवशी कान झाकून घेतले तरी ऐकू येत होतं.

"आजी, ऐकलंस?" एवढंच विचारलं पोरीने, चपलाही काढल्या नसतील.

मग आजी म्हणाल्या, "ऐकला की रेडिओ. आधी ताशा लागला होता. मग जरा कुणी तरी गायला लागली, तर मधेच आपला तात्या बोलायला लागला. वसंता, तात्या तर आपल्याला रोज असाच ऐकू येतो रे. त्याच्यासाठी एवढा खर्च कशाला केलास?"

आधी कुमुद हसली. मोठ्याने हसली. आणि त्या हसण्याचंच मग रडणं झालं.

संध्याकाळी मी गेलो. जायलाच हवं होतं. ओटीच्या पायरीवर उभा राहिलो. नाक्यावर लोक माझ्यासमोर पकडले गेल्यावर कसे उभे राहतात ते मला माहीत होतं, मी तसाच उभा होतो.

"कुमुद, बाळ, माझं चुकलं," मी म्हटलं.

ती चूल पेटवायला निघालेली, हातात काड्यापेटी. म्हणाली, "असू दे, तात्या. तुम्हाला काय माहीत." मग म्हणाली, "एक सांगाल? कसं झालं माझं गाणं? आवाज कापत होता का? भोंग्याच्या सगळ्यांत जवळ तुम्हीच होतात म्हणे."

काय सांगू? पहिल्या गाण्याच्या वेळी मी ताशावर मान डोलवत होतो. दुसऱ्याच्या वेळी मनात भाषणाचं पहिलं वाक्य घोकत होतो. अख्ख्या आळीत त्या आवाजाच्या सगळ्यांत जवळ मी होतो आणि मी एक सूरसुद्धा ऐकला नव्हता. खोटं बोलावं असं मनात आलं. माझेही कान लाल झाले असावेत, कारण तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "चहा टाकते," म्हणाली. मला. चहा.

पुढे महिनाभर लोक वसंतरावांकडे नळ कधी येणार म्हणून विचारायला येत होते. गावातले दोन खरे उमेदवार वेगवेगळे येऊन त्यांना माघार घ्यायची विनंती करून गेले. खडीसाठी पांडू अजून माझ्याशी धड बोलत नाही. ते सगळं मी सोसलं.

पण आणखी तीन-चार महिन्यांनी, एका सकाळी मी ओटीवर दाढी करत बसलेलो. वसंतरावांनी मोटार काढली. टपावर भोंगा. आजींना खुर्चीसकट उचलून आणलं, मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. हाड तोवर जरा सांधलं होतं. वहिनी शेजारी बसल्या. शिंपी आणि वाणी दुकानाच्या दारात उभे राहून बघत होते आणि माझ्याकडे बघणं टाळत होते.

मी आरसा खाली ठेवला. "कुठे निघालात, वसंतराव?"

"सहज. खाडीकडे जरा. आईला वारा खायला."

कान लाल.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तोंडाला साबण तसाच, मान खाली घातली. हँडल मारलं, मोटार थरथरली, निघाली. माझ्यासमोरून जाताना मागच्या खिडकीतून आजींनी आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड केलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या,

"अरे तात्या, आज आपल्या कुमीचं रेडिओवर गाणं आहे. फक्त तुला सांगायचं नाही असं ठरलंय सगळ्यांचं. तू कुणाला बोलू नकोस हो."